बिनआवाजाचे तीन आठवडे

माझा आवाज एका दिवसात गेला नाही. दसऱ्यापासून तो हळूहळू घोगरा होत होता. संध्याकाळी घरी परतताना बसमध्ये कंडक्टरला "सौंसर एक" म्हणताना घसा खरवडायचा, सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं नुसती हवा निघायची. मी मध-हळद घ्यायची, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायची आणि बस धरायची. शनिवारी आणि मंगळवारी बस जामसावळीच्या मारुतीपर्यंत भाविकांनी भरलेली असायची. त्या गर्दीत उभं राहून मी मनातल्या मनात पहिल्या तासाची उजळणी करायची.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी मी एकटीच. पहिल्या वर्षाचा वर्ग लांबलचक, खिडक्या रस्त्याकडे, वर चार पंखे आणि खाली शंभरावर मुलं. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचलाच पाहिजे हा माझा हट्ट. आवाजाचा मला गर्वही होता. नवरा गमतीनं म्हणायचा, "तुले फोनची काय गरज? पांढुर्ण्याहून हाक मारली तरी मले दुकानात ऐकू येते."

दिवाळीची सुटी संपली, त्या सोमवारी मी हजेरी घ्यायला तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. मुलांना वाटलं मॅडम रागावल्या. वर्ग एकदम शांत झाला. मी पुन्हा प्रयत्न केला. दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज निघाला आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी न विचारताच पाण्याची बाटली घेऊन उठली.

नागपूरच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पडद्यावर दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर दोन बारीक गाठी होत्या, साबुदाण्याएवढ्या.

"शिक्षिका आहात?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"तरीच. हे तुमच्या लोकांचंच दुखणं. तीन आठवडे पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. कुजबुजलं की जास्त ताण पडतो. मग स्वराचे व्यायाम. नीट पाळलं तर ऑपरेशन टळेल."

मी त्यांच्या पॅडवर लिहिलं, "आणि नाही गेल्या तर?"

त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "आधी गप्प तर राहा."

प्राचार्य मॅडमनी वैद्यकीय रजेचा अर्ज माझ्यासमोरच मंजूर केला. एक आठवडा मी घरी काढला. तो आठवडा आठवला की आजही हसू येतं. मी बोलत नाही म्हणजे मला ऐकूही येत नसावं असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. "पोळी घेतं का?" हे त्या माझ्या कानाशी येऊन ओरडून विचारायच्या. शेजारणी भेटायला यायच्या, माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल सासूबाईंशी बोलायच्या आणि जाताना हळहळत माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या. मुलगी शाळेतून आली की वही पुढे करायची, मी त्यात लिहायची आणि ती माझं शुद्धलेखन तपासायची. आठव्या दिवशी मी नवऱ्याला लिहून दाखवलं, "मी कॉलेजात चालली."

"जाऊन काय करशील? बोलता तर येत नाई."

"बसीन," मी लिहिलं.

कॉलेजात पोचले तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतले काका टेबलं पुसत होते. काका म्हणजे प्रयोगशाळा परिचर. नोकरीची दीडदोन वर्षं उरलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. घर जाम नदीपलीकडे सावरगावला. रोज पूल ओलांडून पायी येणार. त्यांच्या भावाचा संत्र्याचा बगीचा आहे आणि सुटीच्या दिवशी काका तिथंच असतात, एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं. अकरा वर्षं एका खोलीत काम केलं होतं आम्ही, पण मी शिकवायची आणि ते सूक्ष्मदर्शकं लावून, वर्गात नमुन्यांचे ट्रे आणून मागच्या स्टुलावर बसायचे, इतकाच संबंध.

"मॅडम, तुमी काहून आल्या?" ते म्हणाले. "डाक्टरनं बोलू नका म्हन्लं ना?"

मी पर्समधून कागद काढले. घरी बसून मी पुढच्या तासाचं अख्खं व्याख्यान कॉलेजच्या माध्यमाप्रमाणे हिंदीत लिहून काढलं होतं, सुवाच्य अक्षरात. मला वाटलं होतं एखादा विद्यार्थी वाचेल. पण वर्गात गेल्यावर ज्याला उभं केलं तो लाजून दोन ओळींतच अडखळला, दुसरी इतक्या वेगानं वाचायला लागली की कुणाला काही कळेना. मी कागद परत घेतले आणि मागे बघितलं. काका स्टुलावर बसले होते. मी कागद त्यांच्यापुढे धरले.

"नाई नाई," ते उठूनच उभे राहिले. "म्या मास्तर थोडी हावो? बारावी नापास मानूस मी."

मी हात जोडले. मुलं ओरडली, "काका, काका!"

त्यांनी चष्मा पुसला. फळ्यासमोर नाही गेले. टेबलाच्या कडेला, जिथं ते नेहमी ट्रे घेऊन उभे राहायचे तिथंच उभे राहिले आणि वाचायला लागले. सावकाश, एकेक शब्द जमिनीवर नीट ठेवत. त्या दिवशी विषय खोडाच्या रचनेचा होता. साल आणि लाकूड यांच्यामधला तो पातळ जिवंत थर, ज्याच्या पेशी सतत वाढतात, तिथपर्यंत ते आले आणि थांबले. कागद खाली केला.

"हे असं नुसतं वाचून समजनार नाई," ते म्हणाले. "तुमच्यापैकी संत्र्याची कलम कोनी बांधली हाये?"

पाचसहा हात वर झाले.

"जंबेरीच्या, म्हन्जे रानटी लिंबाच्या, खुंटावर आपन संत्र्याचा कोंब फुटाचा डोळा बांधतो. कायले बांधता येतो? सालीखाली ते हिरवं, ओलं, बुळबुळीत असते ना, हाच तो थर. मॅडमनं इथं त्याचं मोठं नाव लिहिलं हाये, ते पाठ करा. पन ध्यानात काय ठेवा, खुंटाचं हिरवं आन् डोळ्याचं हिरवं एकमेकाले भिडलं पाह्यजे. भिडलं तर डोळा धरते. मधात हवा राह्यली तर वाळते. बस, एवढंच हाये."

अकरा वर्षं मी हा भाग शिकवत आले, दर वर्षी फळ्यावर रंगीत आकृती काढत आले. हे सांगायचं मला कधी सुचलं नव्हतं.

पुढचे आठदहा दिवस असेच गेले. मी रात्री लिहायची, सकाळी काका वाचायचे, आणि वाचता वाचता कागद खाली करायचे. मुलांना कागद खाली होण्याचीच वाट असायची. कापसाच्या बोंडाचं तंतूपर्यंतचं सगळं त्यांनी खिशातून सरकी काढून दाखवलं. बुरशी शिकवताना संत्र्याचा डिंक्या रोग सांगितला. दुसऱ्या विषयाची मुलंही दारात येऊन उभी राहायला लागली. मी फळ्याशी उभी राहून अवघड शब्द लिहायची. बाकी मला काही काम नव्हतं.

खरं सांगायचं तर मला ते सोसेना. सुरुवातीला कौतुक वाटलं, मग कौतुकाच्या खाली काहीतरी टोचायला लागलं. एका दुपारी मी जेवण करून प्रयोगशाळेत आले तर मुलं काकांभोवती गोळा झाली होती. कुणीतरी घरून जंबेरीची फांदी आणली होती. सगळे हसत होते. मी दारात उभी राहिले, कुणाचं लक्ष गेलं नाही. एक मुलगी म्हणाली, "काका, परीक्षेपर्यंत तुमीच शिकवा ना. मस्त समजून राहिलं."

काका काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. मी शेजारच्या नमुन्यांच्या खोलीत गेले. फॉर्मॅलिनच्या बरण्यांच्या त्या अरुंद खोलीत स्टुलावर बसले आणि रडले. रडतानाही आवाज करायचा नाही हे लक्षात ठेवून रडणं फार विचित्र असतं. तोंड उघडं, खांदे हलताहेत, आणि खोलीत सगळं शांत.

स्टाफरूमच्या फळ्यावर विद्यापीठाचं एक पत्रक महिनाभरापासून लावलेलं होतं. शिक्षकांसाठी साहाय्य सेवा, मनावर ताण असेल तर या क्रमांकावर फोन करा, सगळं गुप्त राहील. आम्ही त्यावर हसलो होतो. इतिहासाचे सर म्हणाले होते, "ताण तर पत्रकांचाच आहे." पण मी गमतीगमतीत त्याचा फोटो काढून ठेवला होता. त्या दुपारी नमुन्यांच्या खोलीत बसून मी तो नंबर लावला. घंटी वाजायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की मला तर बोलताच येत नाही. फोन ठेवणार तेवढ्यात पलीकडून एका बाईंचा आवाज आला.

"नमस्ते, शिक्षक सहायता सेवा. बोलिए."

मी गप्प.

"हॅलो? मैं सुन रही हूँ."

माझा श्वास तिकडे ऐकू जात असणार. हुंदका अजून थांबला नव्हता. त्यांनी फोन ठेवला नाही. हळूच विचारलं की बोलणं होत नाही का, तसं असेल तर काहीतरी एकदा वाजवा. माझ्या हातात पेन्सिल होती. मी शेजारच्या बरणीवर एकदा वाजवली. टिंग.

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि आवाजातून कळलं की त्या सरसावून बसल्या. "एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. इकडचे बरेच फोन मराठीच असतात, मराठी चालेल ना?"

टिंग.

"तुम्हाला कुणापासून धोका आहे? घरी, बाहेर?"

टिंग टिंग.

"तब्येतीचं काही?"

टिंग.

"घसा?"

टिंग. त्या अगदी हलकं हसल्या. "आवाज गेला आणि तुम्ही फोन केला. बरं केलं हो, बरं केलं."

मलाही हसू आलं. नाक ओढत, डोळे पुसत मी बरणीतल्या नेच्याच्या पानाकडे पाहून हसले.

"शिकवणं बंद आहे?" टिंग टिंग. "म्हणजे कुणीतरी मदत करतंय?" टिंग. "चांगला माणूस आहे?" टिंग.

मग पलीकडे कुणीतरी चहाचं विचारलं, त्या "आत्ता नको" म्हणाल्या.

"त्यांचा राग येतो का तुम्हाला?"

मी पेन्सिल धरून बसले. खिडकीबाहेर सायकलस्टँडवर मुलं भांडत होती. कितीतरी वेळानं मी ती बरणीवर टेकवली. एकदाच.

"येतोच," त्या म्हणाल्या, जणू मी बाहेर ऊन आहे एवढंच सांगितलं होतं. "मलाही आला असता. राग आला म्हणून त्यांची मदत खोटी होत नाही, आणि तुम्हीही वाईट होत नाही. मी अजून थोडा वेळ इथंच आहे. वाजवावंसं वाटलं नाही तर नका वाजवू."

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. किती वेळ ते मी घड्याळात पाहिलं नाही. शेवटी त्यांनी लेखी निरोपासाठी नंबर दिला. मी त्यावर पानभर लिहिलं. उत्तर छोटं आलं, त्यात दोन गोष्टी होत्या. आवाज परत आल्यावर शंभर मुलांपुढे पुन्हा ओरडून शिकवू नका, कॉलेजकडे माईक मागा, ती मेहेरबानी नाही. आणि जमलं तर त्या गृहस्थांच्या वर्गात एक दिवस बाकावर बसून पाहा.

दुसरं मी आधी केलं. दुसऱ्या दिवशी फळ्याशी उभी न राहता तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. शेजारच्या मुली चपापून सरकल्या. काका त्या दिवशी सगळ्यांना डोळा बांधायला शिकवणार होते. प्रयोगशाळेमागे त्यांनी कुंड्यांतून जंबेरीची रोपं आणून ठेवली होती. मला पाहून त्यांचा हात थांबला.

"मॅडम, तुमाले येतेच ना हे."

मी मान हलवली, नाही. आणि ते खरं होतं. कलमांवर मी परीक्षेत उत्तरं लिहिली होती, हातानं एकही बांधली नव्हती. काकांनी माझ्या हातात चाकू दिला. खुंटाच्या सालीवर टी अक्षरासारखा काप, मग साल अलगद उचलायची, आत डोळा सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी. माझा काप खोल गेला. काकांनी माझं मनगट धरून थोडं तिरकं केलं. "असं. जोर नाई लावाचा. थे सोताहून उघडते."

दोनअडीच आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या तेव्हा वर्गातल्या बहुतेक मुलांचे डोळे हिरवे होते आणि माझा काळा पडून वाळला होता. मुलं गप्प झाली, मॅडमना कसं वाटेल म्हणून. मी माझी कुंडी उचलून सगळ्यांना दाखवली आणि फळ्यावर लिहिलं, "नापास." तेव्हा कुठं वर्ग हसला, आणि मला फार मोकळं वाटलं. दुसऱ्यांदा बांधलेला माझा डोळा मात्र धरला.

माईकचं काम बडे बाबूंकडे होतं. आमच्या ऑफिसचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, बोलतात कमी आणि अर्ज लिहितात सुंदर. मी कागदावर मागणी लिहून नेली, ती त्यांनी वाचून बाजूला ठेवली.

"मॅडम, हे तुम्ही विनंती, विनंती, तीनदा लिहिलं. विनंती एकदाच करायची. तीनदा केली की वरच्यांना वाटते, यांचं माईकशिवायही चालते." त्यांनी नवा कागद घेतला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, आणि असा काही अर्ज लिहिला की वाचून मला वाटलं, माईक न देणारा माणूस तुरुंगातच जाईल. तरी तीन स्मरणपत्रं लागली. दर वेळी ते मला व्हरांड्यात थांबवून सांगायचे, "आज पुन्हा टोचलं."

मधल्या काळात मौनाचे तीन आठवडे संपले आणि रोज पाच मिनिटं बोलायची परवानगी मिळाली. पहिलं काय बोलायचं याचा मी फार विचार केला होता. प्रत्यक्षात सकाळी दूध उतू जाताना दिसलं आणि माझ्या तोंडून निघालं, "गॅस!" सासूबाई देवघरातून धावत आल्या. गॅस बंद करायचा सोडून मला मिठी मारून रडल्या. दूध सगळं गेलं.

मग नागपूरला स्वराचे व्यायाम सुरू झाले. पाण्यात नळी बुडवून बुडबुडे काढत गुणगुणायचं, हा त्यातला मुख्य. तो दिवसातून पाचदा करायचा, म्हणजे कॉलेजातही. काकांनी मला एक बीकर वेगळं काढून दिलं आणि त्यावर चिकटपट्टीनं "मॅडम" असं लिहिलं, कुणी चुकून आम्ल ओतू नये म्हणून. मी नमुन्यांच्या खोलीत बसून बुडबुडे काढायची. कुणी मुलगा डोकावला की काका बाहेरून सांगायचे, "प्रयोग चालू हाये. जा तिकडे."

माईक आला तो गळ्यात अडकवायचा, कमरेला छोटा डबा असलेला. पहिल्या दिवशी तो असा खरखरला की मुलांनी कानांवर हात ठेवले. मी अगदी हळू, घरात बोलावं तसं म्हणाले, "मागच्या बाकाला ऐकू येतंय?" मागच्या बाकावरून मोठ्यानं उत्तर आलं, "हाव मॅडम!" आणि टाळ्या सुरू झाल्या. काका स्टुलावर बसले होते, तेही वाजवत होते. तास अर्धा झाल्यावर मी म्हणाले, "आता पुढचं काका सांगतील," आणि गळ्यातला माईक काढून त्यांच्यापुढे धरला.

"थे नको मले," ते म्हणाले. "माहा आवाज भरपूर हाये." पण उठले. त्यानंतर दर शनिवारचं प्रात्यक्षिक आम्ही दोघांनी मिळून घ्यायचं असं ठरलं. मी कारणं सांगायची, ते हात दाखवायचे. टोचणी पूर्ण गेली असं म्हणणार नाही. कधी कधी मुलं त्यांच्या एखाद्या बोलण्यावर खळखळून हसली की आत बारीकसं काहीतरी हलतं. पण आता मी ते ओळखते आणि मीही हसते.

त्या फोनवरच्या बाईंचे आभार मानायचे म्हणून महिन्याभरानं मी पुन्हा तो नंबर लावला. पुरुषाचा आवाज आला. मी सगळं सांगितलं, बरणीचं, पेन्सिलीचं. त्यांना काही माहीत नव्हतं, आणि तिथं बसणाऱ्यांची नावं सांगायची नसतात असं ते म्हणाले. निरोप मात्र लिहून घेतो म्हणाले. मी सांगितलं, "लिहा, टिंगवाल्या बाईंचा आवाज परत आला." त्यांनी शब्द न् शब्द लिहून घेतला आणि वाचूनही दाखवला.

काका आता निवृत्त झालेत. निरोपाच्या दिवशी मी बोलले, माईक न लावता, दोनच मिनिटं. गाठी गेल्या आहेत, पण आवाज पूर्वीसारखा नाही, थोडा जाड झालाय. अनोळखी माणसं फोनवर मला सर म्हणतात. हिवाळ्यात कलमांचे दिवस आले की प्राचार्य मॅडम काकांना रीतसर पत्र पाठवून बोलावतात. पत्राचा मजकूर बडे बाबूंचा. त्यात त्यांनी काकांच्या नावापुढे 'विषयतज्ज्ञ' लिहिलं. मागच्या खेपेला काका पांढरा शर्ट घालून, पूल ओलांडून पायीच आले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि सगळी टेबलं पुसून काढली. नवीन परिचर धावत आला तर त्याला म्हणाले, "राहू दे. शिकवाच्या आधी माहा हात फिरला पाह्यजे."